पेल्यातला शेवटचा घोट

नंदनवन, नागपूर
सोमवार, ४ सप्टेंबर १९७८

आनंदा,

वर 'सप्रेम सलाम' लिहिला नाही. विसरली नाही, मुद्दाम नाही लिहिला. आपले बाबा म्हणत, ज्याचा राग आहे त्याले आधी राग सांगावा, मंग सलाम घालावा. म्हणून आधी राग सांगून राहिली.

तुले वाटंन, नंदनवनातून प्रतापनगरले पोस्टानं पत्र काहून? एका गावात राहणारे सख्खे बहीणभाऊ आपण. तर काल उपासना सुटल्यावर मी चर्चच्या दारात तुह्यासमोर उभी होती. तू माहा हात हातात घेतला, "प्रभू बरं करो, ताई" म्हटलं अन् माह्या मागच्या बाईचा हात धरला. मले तोंड उघडाले जागाच ठेवली नाही. पत्राचं तसं नसते. पत्र हाती पडलं की पाळकसाहेबाले वाचावंच लागते.

काल काय झालं ते लिहिते, कारण मले दिसलंच नाही असं तू म्हणशीन.

आजवर आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा पेला एकच होता, चांदीचा. सारे रांगेनं गुडघे टेकत अन् त्या एका पेल्यातून पीत, मंग तो चौकीदार असो का कचेरीतला साहेब. काल तू नवीनच काढलं. लाकडाचा ट्रे, अन् त्यात खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढे काचेचे पेले, ज्याचा त्याले. बाया कौतुक करून राहिल्या, म्हणे आपलं चर्च आता मुंबईसारखं झालं. मलेही उलीसं बरंच वाटलं, खोटं काहून बोलू. मंग ट्रे बायजामायपाशी आला.

तिचे हात तुले ठाऊक आहेत. बोटं आत वळलेली, ताठ. मोठा पेला ती दोन्ही तळव्यांत धरे, पदर पुढं ओढून त्यावर वाके. पण असा चिमुकला पेला तळव्यात धरता येते का गा? तिनं धरून पाहिला. निसटला, फुटला, द्राक्षाचा रस सारा गालिच्यावर गेला. अन् तू तिले दुसरा पेला दिला नाही. ट्रे घेऊन पुढच्या बाईपाशी गेला. तुह्या कौसल्येनं पर्समधून रुमाल काढला, पाहिला, परत आत ठेवला अन् उपासनेच्या छापील कागदानं काचा गोळा केल्या. बायजामाय गुडघ्यांवरच होती. "माफ कर बाप्पा" म्हणे. तुले म्हणे का देवाले, मले समजलं नाही.

अन् त्याच्या आधी तू अर्धा तास प्रीतीवर बोलला होता. प्रीतीत ढोंग नसावं म्हणे. लाउडस्पीकर लावून बोलला. बाहेरच्या पानवाल्यानंही ऐकलं असंन.

पुढच्या महिन्यात तो चांदीचा पेला परत काढ. एवढंच मागून राहिली. सायंकाळी बायजामायनं चहाची काचेची बशी बाजूला सारून जर्मनची थाळी मागून घेतली.

प्रेमिला


नंदनवन
शनिवार, १६ सप्टेंबर

आनंदा,

तुहं पत्र पोचलं. मंडळीच्या छापील कागदावर, टाइप केलेलं, खाली शिक्का. सख्ख्या बहिणीले शिक्का मारून पत्र लिहिणारा तू आपल्या खानदानात पहिलाच.

'प्रिय भगिनी, हा निर्णय कमिटीचा असून सर्वांच्या आरोग्याचा विचार करून घेतलेला आहे. यात कोणा एका व्यक्तीचा प्रश्न नाही. श्रीमती बायजाबाई यांची गैरसोय होत असल्यास त्या घरीच प्रार्थना करू शकतात.'

श्रीमती बायजाबाई. वाचून माह्या अंगाची लाहीलाही झाली.

मले सांगाले लाज वाटते, पण तू विसरला असशीन तर सांगते. खाप्यात तू जन्मला अन् तिसऱ्या दिवशी आपली आई गेली. बाबा मिशनच्या शाळेतले मास्तर, त्यायले तान्हं लेकरू धराले येत नव्हतं. शेजारी हातमागावर लुगडी विणणाऱ्याच्या घरची सून होती बायजा. तिचं लेकरू त्याच हप्त्यात दगावलं होतं. तू रडून रडून निळा पडला, तेव्हा ती कुंपण ओलांडून आली अन् तिनं तुले पदराखाली घेतलं. ख्रिस्त्याच्या लेकराले पाजलं म्हणून सासरच्यांनी तिले घरात घेतलं नाही. मंग ती आपल्याच घरी राहिली. बाप्तिस्मा कितीतरी मागून घेतला, तोही मारोतराव पाद्र्यानं विचारलं म्हणून. तिच्या मते तिचं काम आधीच सुरू झालं होतं.

अन् जेवताना? भगुण्यात शेवटी जे उरे ते ती कोणाले देत नव्हती. "शेवटला घास आनंदाचा." मी मोठी, मले भूक जास्त, मी आदळआपट करी. तू शाळेतून उशिरा ये अन् तो घास झाकून ठेवलेला राहे. माहा राग तेव्हापासूनचा आहे, समजला का? आजचा नाही.

तू मॅट्रिकले असताना तिच्या पाठीवर चट्टे निघाले. मले दाखवले, तुले नाही. गाठोडं बांधून आपल्या पायानं महारोग्यांच्या दवाखान्यात गेली, पोट्ट्याले लागू नये म्हणून. गोळ्या खाऊन बरी झाली. आता कोणालेच काही होणार नाही असं डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा मी तिले इथं आणलं. डॉक्टर बोलला तेव्हा तू तिथंच उभा होता, अन् मुंडी हलवून हो म्हणत होता.

तर कमिटीचा निर्णय म्हणतो तू. कमिटी म्हणजे कोण? भैय्याजीच ना. रेल्वेतून रिटायर झालेला गार्ड, डिसेंबरात चार ब्लँकेटं वाटते अन् वाटायच्या आधी फोटोवाल्याले बोलावते. मी त्याच्या घरी जाऊन त्याले विचारते म्हटलं तर कोणाच्या बापाले भीत नाही. उद्याच जाते.

प्रेमिला


नंदनवन
रविवार, २४ सप्टेंबर

आनंदा,

आज मी चर्चले आली नाही, तुह्या लक्षात आलं का? पाचव्या बाकावरच्या दोन जागा रिकाम्या होत्या.

भैय्याजीच्या घरी जाऊन आली. तो अंगणात बाजेवर बसून गरम पाण्यात पाय शेकून राहिला होता. मी बसली नाही, उभ्यानंच सुरू झाली. ढोंगी म्हटलं, ब्लँकेटवाला म्हटलं, ज्या तोंडानं प्रार्थना म्हणता त्याच तोंडानं एका म्हातारीचा पेला हिसकता म्हटलं. शेजारच्या बाया भिंतीवरून पाहाले लागल्या. त्याची बायको चहा घेऊन आली अन् कप धरून तशीच उभी राहिली. तो बिचारा पाय बादलीत ठेवून ऐकत बसला.

मंग म्हणे, "प्रेमिलाबाई, झालं का तुमचं? आता मी बोलू का?"

"बोला."

"कमिटीनं नाही म्हटलं होतं. दोन वेळा मीटिंग झाली, दोन्ही वेळा नाही म्हटलं. बाटायची भीती धरून बसायचं तर ख्रिस्ती कायले झालो, असं मीच बोललो. तवा पाळकसाहेब म्हणाले, एकच पेला ठेवायचा असंन तर प्रभुभोजन द्यायले दुसरा पाद्री पाहा."

"पण काहून? त्याले काय झालं?"

भैय्याजीनं पाय बादलीतून बाहेर काढले अन् टॉवेलनं पुसत बसला. माह्याकडं पाहिलं नाही. "उरलेलं त्यायलेच प्यावं लागते ना, बाई."

आनंदा, मंग मी त्या बाजेवर बसली अन् त्याच्या बायकोच्या हातातला कप घेतला.

मी इतकी वर्षं चर्चमध्ये जाते, पण हे कधी माह्या डोक्यात आलं नाही. साऱ्यांचं पिऊन झालं की पेल्यात जे उरते ते पाळकानं प्यायचं. सांडायचं नाही, फेकायचं नाही, तळाशी पाणी घालून तेही प्यायचं. हा नियम तूच आम्हाले सांगितला होता. दीक्षा झाल्यावर पांढरा झगा घेऊन दवाखान्यात तिले भेटाले आला होता ना, कुंपणाच्या अलीकडून. "माय, चर्चमध्येही शेवटचा घोट माहाच असते" म्हटलं, अन् ती हसली होती. त्या दिवशी मले तुह्याबद्दल उलीसा अभिमान वाटला होता. आता त्या अभिमानाचीच चीड येते.

तर मंडळीले भेव नव्हतं. कचेरीतल्या साहेबाले नव्हतं, भैय्याजीले नव्हतं, त्या पावडर लावून येणाऱ्या महिला मंडळाच्या बायांलेही नव्हतं. भेव एकट्या तुले होतं, अन् ते तू आरोग्य म्हणून साऱ्यांच्या नावावर घातलं. भैय्याजी म्हणे, प्रभुभोजनाच्या रविवारी तू घरी जाऊन मिठाच्या पाण्यानं गुळण्या करतो. म्हणे कौसल्या सायंकाळपर्यंत लेकरांले तुह्यापाशी येऊ देत नाही. तिचं दूध पिऊन ज्याचं अंग भरलं, तो तिच्या उष्ट्या घोटापायी गुळण्या करते. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक पाहिले होते. वासे मोजून वर प्रवचन देणारा तूच पाहिला.

भेव वाटणं पाप नाही गा. तू येऊन मले म्हटलं असतं, ताई मले भेव वाटते, तर मी तुले चार शिव्या दिल्या असत्या अन् जेवाले वाढलं असतं. पण तू कमिटीच्या मागं लपला अन् वरून शिक्का मारला.

भैय्याजीची मी माफी मागितली. चोर सोडून संन्याशाले फाशी झाली होती. तो म्हणे, "जाऊ द्या, ब्लँकेटाचा फोटो काढतो ते तर खरंच आहे." मंग चहा पिऊन आली.

आता कामाचं ऐक. बायजामायले ताप आहे, जेवण तुटलं आहे, पायावर सूज आहे. डॉक्टर किडनीचं सांगते अन् आशेचं काही बोलत नाही. तिनं माह्याजवळ एकच मागितलं आहे. "आनंदाले म्हणा, घरी येऊन मले प्रभुभोजन दे. एकदा घेऊ दे." मी तिले भैय्याजीचं काहीच सांगितलं नाही.

येजो. एक पेला घेऊन येजो, मोठा.

प्रेमिला


नंदनवन
शुक्रवार, ६ ऑक्टोबर

आनंदा,

तू आला नाही. तुहा डबा आला.

घंटा वाजवणारा ताराचंद सायकलवरून घेऊन आला. पुठ्ठ्याचा डबा, त्यात कापसात गुंडाळलेला एक काचेचा चिमुकला पेला, बाटलीत उलीसा रस, बटर पेपरात भाकरीचा तुकडा. वर चिठ्ठी, की सारं आशीर्वादित केलेलं आहे अन् मी मीटिंगसाठी जबलपूरले जातो. ताराचंदले घरात या म्हटलं तर दारातच उभा राहिला. त्यालेच तुही लाज वाटून राहिली होती.

मी तर तो डबा भिंतीपलीकडं फेकणार होती. बायजामायनं खाटेवरून हात केला. ताराचंदले पाणी द्याले लावलं, त्याच्या पोरीचं बाळंतपण कसं झालं ते विचारलं, मंग म्हणे, "डबा परत न्याले नीट सुतळीनं बांधून दे वं प्रेमिला, रस सांडंन. अन् आनंदाले सांगजो गा, मले घाई नाही. जबलपूरहून आल्यावर ये म्हणा."

तिले घाई नाही. डॉक्टरले आहे, मले आहे, पण तिले नाही.

ताराचंद गेल्यावर मी खूब बोलली. तुह्याबद्दल जे जे माह्या पोटात होतं ते सारं ओकली, भैय्याजीचं बोलणंही ओकली. वाटलं, आता तरी तिले राग येईन. ती ऐकत पडली. मंग तिनं मले एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मी स्वयंपाकघरात गेली अन् सांडशी भिंतीवर मारली. भिंतीचा पोपडा गेला.

ती गोष्ट तुले सांगू नको म्हणते ती. म्हणून सांगत नाही. पण माह्या पोटात ती निखाऱ्यावानी जळून राहिली आहे, एवढं ध्यानात ठेव.

खाप्याले मारोतरावले कार्ड टाकलं आहे. म्हातारा बहिरा झाला, पण पाद्री आहे. तू येशीन तर त्याले परत धाडीन.

प्रेमिला


नंदनवन
बुधवार, ११ ऑक्टोबर, सकाळ

आनंदा,

सप्रेम सलाम.

बायजामाय गेली. आज सकाळी, मी चहा गाळत असताना. तू काल जबलपूरहून आला हे मले ताराचंदनं सांगितलं, म्हणून त्याच्याच हातानं हे धाडून राहिली. पोस्टाची वाट पाहाले आता वेळ नाही.

मारोतराव काल दुपारच्या बसनं आले. गुडघे धरलेले, कानानं काही ऐकू येत नाही, तरी आले. पिशवीत त्यायचा जुना पितळेचा पेला होता, कल्हई केलेला. मी मनुका उकळून रस काढला, गाळला. त्यायले गुडघे टेकता आले नाही, म्हणून स्टुलावर बसून प्रार्थना म्हटली. भाकर दिली. मंग पेला पुढं केला. बायजामायले उशा लावून बसवलं होतं. तिनं दोन्ही तळवे पुढं केले, सवयीनं पदर पुढं ओढला, मंग थांबली. अन् पदर मागं सारला.

आता ती गोष्ट सांगते. ती जिवंत होती तोवर पाळली. आता नाही पाळत. मेल्यावर तिले माहा राग येईन तर येऊ दे, जन्मात एकदा तरी येऊ दे.

त्या दिवशी ताराचंद गेल्यावर ती मले म्हणे, "आनंदाले कशाले बोलतं वं? त्या पेल्याले माहे होट कधी लागलेच नाही. पदर पुढं घ्यायची अन् तोंड मिटून वाकायची. शेवटला घोट त्याचा असते, त्यानंच सांगतलं होतं मले दवाखान्यात. त्याच्या मनात भेव नको."

मी म्हटलं, "इतकी वर्षं? मंग तू प्रभुभोजन घेतलंच नाही?"

"भाकर घेत होती ना. बाकीचं देवाले समजते."

समजलं का आनंदा? तू ज्या घोटाले भ्याला, ज्याच्यासाठी गुळण्या केल्या, ज्याच्यापायी मंडळीचा पेला मोडला, त्या घोटात ती नव्हतीच. त्यात भैय्याजीची मिशी होती. कचेरीतल्या साहेबाचा तंबाखू होता. माहं तोंड होतं. तिचंच तेवढं काही नव्हतं. तुह्या भेवाची काळजी तुह्याआधी तिनं केली होती, अन् तू तिच्या हाती न धरवणारी काच दिली.

काल ती प्यायली. साऱ्यांदेखत, पदर मागं टाकून. तहानलेलं लेकरू पिते तशी घटाघटा प्यायली, रस हनुवटीवरून लुगड्यावर आला. मी पुसाले गेली तर मान हलवली. मंग मधीच थांबली, पेल्यात पाहिलं अन् माह्या हाती दिला.

"उरलं ते आनंदाले ठेव."

मी म्हटलं, "तो येत नाही, माय."

"येते. उशिरा येते. लहानपणीही उशिराच ये."

मारोतरावले नियमानं तो घोट स्वतः प्यायचा होता. मी त्यायच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. त्यायनं खिशातला रुमाल काढून पेल्यावर टाकला. म्हणे, "नियम मोडला म्हणून देव भांडला तर माह्याशी भांडंन. मी पाहून घेईन."

तर पेला कोनाड्यात आहे, रुमालानं झाकलेला. मुंग्या लागू नये म्हणून पाण्याच्या ताटलीत ठेवला आहे. माह्या हाती असतं तर मी तो मोरीत ओतला असता. तिचा शब्द आहे म्हणून ओतला नाही.

चार वाजता माती आहे. मारोतराव प्रार्थना कराले तयार आहेत, पण त्यासाठी तिनं तुहं नाव घेतलं होतं. कौसल्येले आण, लेकरं आण, नाही आणली तरी चालंन. पण सरळ कब्रस्तानात येऊन झगा घालून उभा राहू नको. तिथं तुले प्रीतीवर बोलू देणार नाही, मी सांगून ठेवते, साऱ्या मंडळीसमोर तुहा हात धरून बाजूला करीन.

आधी इथं ये, माह्या घरी. ती बाहेरच्या खोलीत आहे, तिच्याजवळून आत ये. कोनाड्यातला पेला काढ, ती धरे तसा दोन्ही तळव्यांत धर. मी समोर उभी राहीन. पदर आड नसंन, कमिटी आड नसंन. मले दिसलं पाहिजे.

वर सलाम लिहिला आहे तो तिनं सांगितलेला आहे, जाण्याआधी. माहा त्यात धरू नको. माहा तू पेला खाली ठेवल्यावर.

ताई